कनेक्टरच्या बाजारात वाढ नेमकी कुठे आहे?

प्रश्न असा आला आहे: "कनेक्टरच्या बाजाराचे तीन अहवाल वाचले. तिन्हींत बाजाराचा आकार वेगळा, वाढीचा दर वेगळा. कारणं मात्र तीच ती: इलेक्ट्रिक गाड्या, ५जी, एआय, आयओटी (इंटरनेटला जोडलेली छोटी उपकरणं). मी पाच वर्षं पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये काढून नुकताच एका कनेक्टर कंपनीत आलोय. पुढे कुठल्या प्रकारच्या कनेक्टरवर काम करावं हे ठरवायला या आकड्यांचा काही उपयोग होतो का?"

होतो, पण अहवालाच्या पहिल्या पानावर ठळक छापलेल्या आकड्याचा नाही. मी बावीस वर्षं याच, म्हणजे तारा आणि बोर्ड एकमेकांना जोडणाऱ्या या भागांच्या धंद्यात आहे. आधी डिझाइनला होतो, मग ग्राहकांकडे जाऊन त्यांच्या बोर्डावर आमचा माल बसवून देणारा ॲप्लिकेशन इंजिनिअर झालो, आणि आता टेबलाच्या पलीकडे, खरेदीत बसतो. तिन्ही खुर्च्यांवरून हा बाजार वेगळा दिसतो. पण एक गोष्ट तिन्हीकडून सारखीच दिसली: नग वाढले म्हणून पैसा वाढतोय असं फार थोड्या ठिकाणी आहे. बहुतेक ठिकाणी एकेका जोडाकडून मागितलं जाणारं काम अवघड होत चाललंय, म्हणून पैसा वाढतोय. काही ठिकाणी तर नग घटतायत आणि बिल फुगतंय.

आधी आकड्यांचं बघू. २०२४च्या सुमारास जगभरचा कनेक्टरचा बाजार ढोबळमानाने वर्षाला ८० ते ९० अब्ज डॉलरचा होता. अहवाल एकमेकांशी जुळत नाहीत याचं कारण साधं आहे. कुणी केबल असेंब्ली (टोकांना कनेक्टर लावलेली तयार केबल) धरतो, कुणी नुसता कनेक्टर. कुणी गाडीच्या हार्नेसमधले (वायरींच्या जुडग्यातले) कनेक्टर हार्नेसवाल्याच्या खात्यात टाकतो, कुणी वेगळे काढतो. तेव्हा दोन अहवालांतले आकडे शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. एकाच संस्थेचे ओळीने पाच-सहा वर्षांचे आकडे बघा, त्यातून थोडंफार कळतं.

त्यातही डॉलरमधली वाढ सोलून बघावी लागते. पहिलं टरफल म्हणजे धातू. सिग्नलच्या पिनांवर निकेलच्या थरावर सोन्याचा मुलामा असतो, चांगल्या कनेक्टरमध्ये संपर्काच्या जागी साधारण ०.७६ मायक्रॉन, म्हणजे ज्याला आम्ही 'तीस मायक्रोइंच' म्हणतो तो. २०२४च्या सुरुवातीला सोनं औंसाला २,००० डॉलरच्या आसपास होतं, ऑक्टोबर २०२५मध्ये ते ४,००० च्या वर गेलं. मोठ्या ग्राहकांच्या करारात धातूच्या भावाचं कलम असतं, भाव चढला की तो फरक बिलात येतो. विक्री वाढलेली दिसते, पण कारखान्यातून एकही पिन जास्त गेलेली नसते. दुसरं टरफल चलनाचं. या धंद्यात जपानी कंपन्यांचा वाटा मोठा आहे. २०२१च्या सुरुवातीला डॉलरला १०५-११० येन पडत होते, २०२४मध्ये १५० च्या आसपास. येनमध्ये तेवढीच विक्री केलेली कंपनी डॉलरच्या तक्त्यात पाव भाग आकसलेली दिसते. तिसरं टरफल म्हणजे विकत घेतलेली वाढ. ॲम्फेनॉल या बड्या कनेक्टर कंपनीची २०२४ची विक्री १५.२ अब्ज डॉलर होती, आदल्या वर्षीपेक्षा २१ टक्के जास्त. पण त्याच वर्षी त्यांनी कार्लाइल या कंपनीचा इंटरकनेक्ट विभाग सुमारे २ अब्ज डॉलरना घेतला होता. घेतलेल्या कंपन्या आणि चलनाचा फरक बाजूला काढला तर स्वतःची वाढ उरते १३ टक्के. १३ टक्केही उत्तमच, पण २१ आणि १३ मध्ये फरक आहे, आणि बातमीत २१च येतात.

ही टरफलं काढल्यावर जो गर उरतो तो सगळीकडे सारखा नाही. २०२३ हे वर्ष बघा. एकूण बाजार थोडा घटला. टीई कनेक्टिव्हिटी या दुसऱ्या बड्या कंपनीची विक्री १६.३ अब्जांवरून १६ वर आली, ॲम्फेनॉलची जवळपास तिथेच राहिली. आणि २०२५च्या पहिल्या तिमाहीत त्याच ॲम्फेनॉलची विक्री आदल्या वर्षीच्या तिमाहीपेक्षा ४८ टक्क्यांनी वर होती. दोन वर्षांत जगात यंत्रं दीडपट झाली नाहीत. एक विशिष्ट प्रकारचं यंत्र मात्र अचानक प्रचंड विकलं जाऊ लागलं.

ते यंत्र म्हणजे एआयचं रॅक. मार्च २०२४मध्ये एनव्हिडियाने जीबी२०० एनव्हीएल७२ दाखवलं. एका कपाटात ७२ जीपीयू (एआयची गणितं करणाऱ्या चिप), आणि ते एकमेकांशी बोलावेत म्हणून पाठीमागे तांब्याच्या सुमारे ५,००० केबल, एकूण लांबी ३ किलोमीटरहून जास्त. त्याच भाषणात कंपनीचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी कारणही सांगितलं होतं: हेच काम प्रकाशाच्या तंतूंनी केलं असतं तर ट्रान्सीव्हर (विजेचा सिग्नल प्रकाशात आणि उलट बदलणारे) आणि रीटायमर (सिग्नल पुन्हा ताजा करणारे) चालवायलाच २० किलोवॉट लागले असते. अख्ख्या रॅकचा वीजवापर १२० किलोवॉटच्या घरात, त्यातले २० नुसत्या बोलण्यावर. म्हणून तांबं. पाच हजार केबलना दोन-दोन टोकं, आणि प्रत्येक टोकाला असा कनेक्टर जो ट्रे आत सरकवताना माणसाला दिसत नसतानाही अचूक बसला पाहिजे.

या टोकाशी काय चालतं ते जरा जवळून दाखवतो, कारण किंमत का चढते ते तिथेच कळतं.

या पिढीत तारांच्या एका जोडीतून सेकंदाला २०० गिगाबिटच्या वर माहिती जाते. पीएएम४ पद्धतीत एका ठोक्यात दोन बिट जातात, म्हणजे २२४ गिगाबिटला सेकंदाला ११२ अब्ज ठोके. एका ठोक्याला वेळ मिळतो ९ पिकोसेकंदांपेक्षा किंचित कमी. एवढ्या वेळात कनेक्टरच्या प्लास्टिकमधून सिग्नल जेमतेम दीड मिलिमीटर सरकतो. आता पिन कशी असते ते आठवा. नर पिन मादी स्प्रिंगखाली घासत जाते आणि स्प्रिंगचा बिंदू पिनच्या टोकापासून थोडा आत टेकतो. टेकण्याच्या बिंदूपुढे पिनचा जो तुकडा उरतो तो विद्युतदृष्ट्या कुठेच जात नाही, नुसता लोंबकळतो. आमच्या जुन्या काळी हा तुकडा म्हणजे पुण्याई होती. दीड-दोन मिलिमीटर घासलं म्हणजे पृष्ठभागावरची धूळ, ऑक्साइड पुसलं जातं, आणि बोर्ड जरा वर-खाली बसला तरी संपर्क सुटत नाही. मी स्वतः ड्रॉइंगवर 'वाइप (म्हणजे घासण्याची लांबी) किमान १.५' असं लिहून सही केलेली आहे. या वेगाला ५६ गिगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा महत्त्वाचा असतो, आणि पाऊण मिलिमीटरचा लोंबता तुकडा बरोबर त्याच जागी पाव तरंगलांबीचा होतो. म्हणजे तो सिग्नल गिळतो. मेकॅनिकलवाल्याला वाइप जास्त हवा, सिग्नलवाल्याला तो शून्य हवा. इथेच घोडं पेंड खातं.

यातून मार्ग काढायला स्प्रिंगचे दोन बिंदू करावे लागतात, किंवा टोक कापून आकार बदलावा लागतो, किंवा हाउसिंगची मापं इतकी घट्ट धरावी लागतात की वाइप अर्ध्यावर आणला तरी संपर्काची खात्री राहील. प्रत्येक उपायाला नवा डाय (साचा), नवी तपासणी, नवं नापास होण्याचं प्रमाण. जो कनेक्टर आधी पिनमागे काही सेंटला जायचा तो आता पिनवर विकला जातच नाही. केबलसकट, मोजून, प्रत्येक जोडीच्या चाचणीच्या कागदासह विकला जातो. गंमत म्हणजे यात काही पैसा बोर्डाकडून केबलकडे आलाय. पूर्वी चिपपासून बोर्डाच्या कडेपर्यंत तांब्याची रेघ जायची. आता त्या रेघेत सिग्नल इतका झिजतो की चिपच्या शेजारीच कनेक्टर बसवून बोर्डावरून केबल उडवत नेतात. बोर्डवाल्याचं नुकसान आपल्या पथ्यावर पडलं.

हे कायम टिकेल का? कुणी 'हो' म्हणालं तर विश्वास ठेवू नका. १०० गिगाबिटच्या पिढीसाठी आयईईई या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने तांब्याची केबल किमान २ मीटरपर्यंत चालली पाहिजे असं धरलं होतं, २०० च्या पिढीत ते १ मीटरवर आलं. रॅक दोन मीटर उंच असतो. पुढच्या दुप्पट वेगाला तांबं रॅकच्या एका खणातून शेजारच्या खणात जाईल की नाही असा प्रश्न येतो, आणि दुसरीकडून चिपशेजारीच प्रकाशाचं इंजिन बसवण्याचे प्रयत्न कारखान्यापर्यंत पोचलेत. पण तांबं संपलं की कनेक्टर संपला असं होत नाही. प्रकाशालाही टोक जोडावं लागतं, आणि एका तंतूत प्रकाश ज्या गाभ्यातून जातो तो ९ मायक्रॉनच्या आसपास असतो. तिथे धुळीचा एक कण म्हणजे दरड. काम आहेच, फक्त ते करणारे हात वेगळे लागतील.

तुम्ही पॉवरमधून आलात, तेव्हा याच रॅकचं दुसरं अंग तुमच्या जास्त कामाचं. १२० किलोवॉट ५० व्होल्टच्या बसबारवरून द्यायचे तर २,४०० अँपिअर होतात. तांब्याच्या जाड पट्ट्या, त्यावर चिमट्यासारखे क्लिप, आणि सगळीकडे उष्णता. म्हणून २०२५मध्ये एनव्हिडियाने ८०० व्होल्ट डीसीवर जायची योजना जाहीर केली, २०२७पासूनच्या रॅकसाठी. तेच १२० किलोवॉट मग १५० अँपिअरमध्ये भागतात. वाचायला छान वाटतं. पण ८०० व्होल्ट डीसीचा जोड चालू लोडवर उपसला तर ठिणगी विझत नाही, कारण एसीसारखा प्रवाह शून्यावर येतच नाही. म्हणून सिग्नलची एक पिन मुद्दाम आखूड ठेवतात. ती शेवटी लागते आणि आधी सुटते. ती सुटली की कंट्रोलरने मोठा प्रवाह तोडायचा, मोठ्या पिना अजून आत असतानाच. त्या दोन घटनांमध्ये किती मिलिसेकंद मिळतात हे माणूस किती जोरात ट्रे ओढतो यावर ठरतं. हा प्रश्न इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी आधीच सोडवलेला आहे. एकाच माणसाला दोन्ही बाजारांत मागणी येण्याची वेळ फार क्वचित येते, ती आत्ता आहे.

गाड्यांकडे येऊ. इथे अहवालांचं वाक्य असतं: 'इलेक्ट्रिक गाडीत कनेक्टर जास्त'. अर्धं खरं आहे. उच्च दाबाच्या (जास्त व्होल्टच्या) बाजूला जोड वाढले: बॅटरी, इन्व्हर्टर, कंप्रेसर, चार्जर. कमी दाबाच्या बाजूला मात्र नग कमी करण्याची मोहीम चालू आहे. पूर्वी प्रत्येक कामाला एक डबा आणि प्रत्येक डब्याकडे जाणारी वायर असं होतं. आता गाडीचे विभाग पाडतात, विभागात एक कंट्रोलर, आणि विभाग एकमेकांशी एका जोडीच्या इथरनेटवर बोलतात. टेस्लाने डिसेंबर २०२४मध्ये कमी दाबाच्या कनेक्टरचं स्वतःचं मानक जाहीर केलं. त्यांचं म्हणणं होतं की गाडीत दोनशेहून अधिक जोड लागतात, पण कनेक्टरच्या ढीगभर प्रकारांच्या जागी सहा प्रकारांत बहुतेक गरजा भागतात. ढीगभर प्रकारांवर पोट असलेल्यांनी ही बातमी दोनदा वाचावी. बाकीचे उत्पादक ते मानक स्वीकारोत न स्वीकारोत, दिशा तीच आहे, कारण हार्नेस हा गाडीतला सगळ्यात जास्त हाताने केला जाणारा भाग आहे आणि तो यंत्राने जोडायचा तर कनेक्टरचे प्रकार कमीच हवेत.

उच्च दाबाच्या जोडात पैसा कशाचा ते एका गुणाकारात सांगतो. ०.२ मिलिओमचा संपर्क, २५० अँपिअर: उष्णता साडेबारा वॉट. हाच जोड जलद चार्जिंगला ५०० अँपिअरवर गेला की ५० वॉट. ही झाली सोल्डरिंग आयर्न, बंद प्लास्टिकच्या डब्यात ठेवलेली. आता काही वर्षांच्या हादऱ्यांनी संपर्क दुप्पट बिघडला, ०.४ झाला, तर १०० वॉट. आकडे वर्गाने वाढतात, गाडी मात्र तीच असते.

माझ्याकडे एकदा असाच एक परत आलेला जोड आला होता. नारिंगी हाउसिंग एका बाजूला तपकिरी झालेलं, दुसरी बाजू नवी कोरी. दोन टर्मिनलपैकी एकाचीच तांब्याची मान निळसर पडलेली. सगळ्यांचं बोट मुलाम्याकडे गेलं, पुरवठादाराला मेलही गेला. आम्ही दोन्ही टर्मिनल राळेत बसवून आडवे कापले, घासले आणि मायक्रोस्कोपखाली धरले. चांगल्या क्रिंपमध्ये, म्हणजे टर्मिनल तारांवर दाबून घट्ट बसवतात त्या जागी, तारा दाबून षटकोनी होतात, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या, मध्ये फट दिसत नाही. जळालेल्या बाजूला तारा गोलच होत्या आणि मधे काळ्या फटी. क्रिंपची उंची मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाने जास्त निघाली. प्रेसवरची सेटिंग शिफ्ट बदलताना सरकली होती. तो मुलामा निर्दोष होता, पुरवठादाराला नंतर माफीचा मेल गेला आणि तो मलाच लिहावा लागला. तेव्हापासून कानाला खडा लावलाय: आधी कापायचं, मग बोलायचं.

ही गोष्ट बाजाराच्या प्रश्नात का आणली? कारण उच्च दाबाच्या कनेक्टरचा ग्राहक प्लास्टिक आणि तांबं घेत नाही, हे घडणार नाही याची हमी घेतो. एक टर्मिनल गाडीत मंजूर व्हायला दीड-दोन वर्षं जातात: कंप, उष्णता-गारठा, मीठपाणी, जोरदार फवाऱ्याची धुलाई. एकदा मंजूर झालं की पाच पैसे स्वस्त मिळतो म्हणून कुणी दुसरं बसवत नाही. म्हणून इथे मार्जिन टिकतं. गाडी ४०० वरून ८०० व्होल्टवर गेल्याने प्रवाह निम्मा होऊन तांबं कमी लागतं हे खरं, पण अंतरं वाढतात, प्लास्टिक वेगळं लागतं, झाकणी जास्त लागते. किंमत तांब्यातून बाहेर पडून डिझाइनमध्ये जाते. ट्रकसाठीचं मेगावॉट चार्जिंग तर १,२५० व्होल्ट आणि ३,००० अँपिअरपर्यंत आखलेलं आहे. तिथे कनेक्टरमधून थंड द्रव फिरवावा लागतो. मला हा विभाग लहान पण फार रसरशीत वाटतो. चार्जिंगच्या टोकांत मात्र एक धोका आहे, मानक बदलण्याचा. टेस्लाने नोव्हेंबर २०२२मध्ये आपलं टोक खुलं केलं, मे २०२३मध्ये फोर्डने ते घेण्याचं जाहीर केलं, आणि बघता बघता उत्तर अमेरिकेतल्या बाकीच्यांनी रांग लावली. ज्यांनी आदल्या वर्षी तिथल्या जुन्या टोकाच्या मोल्डमध्ये पैसे घातले होते त्यांचं काय झालं असेल याचा अंदाज करा.

आता ज्यांच्या मागे लागू नये असं मला वाटतं ते. यूएसबी-सी. तपशील २०१४चा, २४ संपर्क, १०,००० वेळा घालण्या-काढण्याचं आयुष्य. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४पासून फोन, टॅबलेट वगैरेंना ते सक्तीचं झालं, लॅपटॉपसाठीची तारीख २८ एप्रिल २०२६. नगांचा आकडा ऐकून डोळे फिरतील. पण सगळ्यांनी एकच वस्तू बनवायची ठरली की भांडण फक्त भावाचं उरतं, आणि भावाच्या भांडणात ज्याचा प्रेस सगळ्यात जोरात चालतो तो जिंकतो. तिथे नवा इंजिनिअर काय करणार? सायकल टाइम कमी करणार. तेही कौशल्यच आहे, पण तुमच्या पाच वर्षांच्या पॉवरच्या अनुभवाचा तिथे उपयोग नाही. २४० वॉटपर्यंतची शक्ती त्याच टोकातून न्यायला लागल्यापासून थोडं काम आहे, एवढंच.

५जीची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. 'अँटेना वाढणार, म्हणजे आरएफ (रेडिओ सिग्नलचे) कनेक्टर वाढणार' असं गणित सगळ्यांनी मांडलं होतं, मीही. झालं असं की ६४ वाहिन्यांच्या अँटेनात रेडिओ आणि अँटेना एकाच पेटीत गेले. खांबावरून त्या दोघांना जोडणाऱ्या केबल आणि त्यांचे भक्कम पितळी कनेक्टर गेले, त्यांच्या जागी पेटीच्या आत बोर्डाला बोर्ड जोडणारे बोटभर उंचीचे स्वस्त कनेक्टर आले. वाहिन्या आठपट, पण ज्यावर नफा होता तो माल कमी. वाढीचं गणित मांडताना 'जोड तसाच राहील' हे गृहीत धरणं ही आमच्या धंद्यातली सगळ्यात महागडी सवय आहे. आयओटीबद्दल काही लिहीत नाही. बॅटरीवर चालणाऱ्या सेन्सरला एक, फार तर दोन कनेक्टर असतात, आणि दोन्ही सगळ्यात स्वस्त.

कारखान्यांतली उपकरणं, रुग्णालयातली यंत्रं, विमानं, संरक्षण: इथे वाढ हळू, पण एकदा बसलेला कनेक्टर वीस-वीस वर्षं मागवला जातो. ज्याला झोप प्रिय आहे त्याने इथे जावं.

एक गोष्ट अहवालांत जवळजवळ नसतेच, आणि खरेदीत आल्यावर ती मला रोज दिसते: या बाजाराला दम लागतो आणि तो दम आकड्यांत 'वाढ' म्हणून दिसतो. २०२१मध्ये ४० पिनांचा एक साधा बोर्ड-टू-बोर्ड कनेक्टर आम्हाला हवा होता. एरवी दहा आठवड्यांत मिळणारा, तेव्हा चाळीस सांगत होते. आम्ही काय केलं? तोच नग तीन डिस्ट्रिब्युटरकडे मागवला, जो आधी देईल त्याचा घेऊ म्हणून. गरज एक, ऑर्डरी तीन. आमच्यासारखे हजारोंनी हेच केलं. तिकडे उत्पादकाला मागणी तिप्पट दिसली, त्याने मोल्ड वाढवले, गुंतवणूकदारांना आलेख दाखवला. २०२२च्या शेवटी-शेवटी तिन्ही डिस्ट्रिब्युटरचा माल एकाच महिन्यात दारात. त्यातल्या रिळांवर तारखांचे कोड चढत गेले, कथिलाच्या मुलाम्याची सोल्डर पकडायची ताकद उतरत गेली, आणि दोन वर्षांनी आम्हाला प्रत्येक रिळातला नमुना वितळत्या सोल्डरमध्ये बुडवून तपासावा लागला. २०२३ची ती घट म्हणजे बऱ्याच अंशी आमच्यासारख्यांच्या गोदामातला हा साठा होता. म्हणून कुठलाही चढता आलेख दिसला की मी आधी डिस्ट्रिब्युटरकडच्या साठ्याचा आकडा विचारतो. आज एआयच्या केबलमध्ये असं दुबार मागवणं किती आहे हे बाहेरून दिसत नाही. तिथले ग्राहक मोजकेच आणि प्रचंड आहेत, त्यामुळे एकाने हात आखडला तरी तिमाही कोसळेल. त्या विभागात जाणाऱ्याने एवढं धरूनच जावं.

आणि मोठे मासे. या धंद्यात लहानाला मोठा गिळतो हे जुनंच आहे. १९४१ची एएमपी १९९९मध्ये टायकोकडे गेली आणि तिचीच आजची टीई कनेक्टिव्हिटी. मोलेक्स ही कनेक्टर कंपनी २०१३मध्ये कोक (Koch) इंडस्ट्रीज या अमेरिकी उद्योगसमूहाने घेतली, एफसीआय ही दुसरी कनेक्टर कंपनी २०१६मध्ये ॲम्फेनॉलकडे गेली. दुसऱ्या बाजूने २००४मध्ये सुरू झालेली चिनी कंपनी लक्सशेअर वीस वर्षांत पहिल्या रांगेत बसली. तुमची कंपनी लहान असेल तर घाबरू नका, पण तुमचं काम असं असू द्या की गिळल्यावर ते ठेवलं जाईल. विलीनीकरणात सारखे दिसणारे प्रॉडक्ट कापले जातात, ज्याची चाचणी दुसऱ्या कुणाला जमत नाही ते राहतं.

तर तुमच्यापुरतं. पॉवरमधून आलात, उष्णतेचं गणित अंगात आहे, तेव्हा उच्च दाबाच्या डीसी जोडात उतरा: गाडीतून सुरुवात करा, कारण मानकं, चाचण्या आणि चुका तिथे आधीच पिकलेल्या आहेत, आणि दोन-तीन वर्षांत डेटा सेंटरच्या ८०० व्होल्टच्या कामाला हात घाला. सिग्नलच्या बाजूला पैसा जास्त दिसेल, पण तिथे मायक्रोवेव्ह इंजिनिअरिंग शिकलेल्यांशी स्पर्धा आहे आणि तुम्ही दहा वर्षं मागे असाल.

पहिल्या महिन्यात दोन कामं करा. कोटेशन देणाऱ्या टेबलाकडे जाऊन गेल्या वर्षभरात कुठल्या चौकशा 'नाही जमणार' म्हणून परत पाठवल्या त्यांची यादी मागा. बहुतेक कंपन्यांत ती फाइल कुणी उघडत नाही, आणि बाजार दोन वर्षांनी काय मागणार आहे ते त्यात आधीच लिहिलेलं असतं. दुसरं, लॅबवाल्यांशी दोस्ती करा आणि परत आलेला एक जोड स्वतः राळेत बसवून कापा. पहिल्यांदा घासताना तुम्ही नक्की जास्त घासाल आणि पुरावाच घालवाल, तेव्हा सुरुवात निकामी नमुन्यावर करा.